जे येतं ते उडव

माझ्या टेबलावर पत्र्याचा एक डबा असायचा. मूळचा नानकटाईचा, झाकणावर गुलाबाचं चित्र. साडेसहाला हजेरी झाली की सगळ्यांचे फोन त्यात जायचे. नियम माझा आणि डबाही माझ्याच घरचा. रात्रशाळेत दहावीला गणित शिकवणाऱ्या माणसाने एवढा तरी किल्ला लढवावा, असं मला वाटायचं.

रात्रशाळा ही आपल्याकडे जुनी गोष्ट. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी दिवसभर राबणाऱ्या माणसांसाठी पुण्यात रात्रीची शाळा काढली ती 1855 साली. आमची शाळा गिरणगावातली. एके काळी भोंगा झाला की पाळी संपवून, केसांत कापसाचे तंतू घेऊनच कामगार वर्गात येत, असं माझ्या आधीचे मास्तर सांगायचे. 1982 चा संप झाला, गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेचे टॉवर आले. बाकं मात्र तीच राहिली. आता त्यांच्यावर बसतात ते कुरिअरवाले, कॅन्टीनमधली पोरं, हॉस्पिटलातल्या आया आणि त्याच टॉवरांतल्या घरांत पोळ्या लाटणाऱ्या बायका. कोणी सोळाचं, कोणी पस्तिशीचं. सरकारच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाचे कागद मी वाचलेत. पंधरा वर्षांवरच्या माणसांना काय काय शिकवायचं, त्या यादीत डिजिटल साक्षरता आहे. माझ्या वर्गात हा मामला उलटाच होता. मला फोनवरून पैसे पाठवायला शिकवलं ते याच मंडळींनी, आणि मी एकदा भलत्याच माणसाला तीनशे रुपये पाठवले तेव्हा हसलीही हीच.

प्रथमेश त्यांच्यातला सगळ्यात तरबेज. संगमेश्वरकडचा, वय वीस, नववीत शाळा सुटलेली. लोहार चाळीत एका इलेक्ट्रिकच्या दुकानात कामाला. दुकान सुटायचं सातला, मग सीएसएमटीहून स्लो लोकल, करी रोडला उतरून पळत शाळा. पोचेपर्यंत पावणेआठ. म्हणजे रोजचा निम्मा वर्ग बुडालेला. त्यावर त्याने इलाज काढला होता. शाळा सुटली की डब्यातून पहिला फोन तो उचलायचा, फळ्यासमोर उभा राहायचा आणि फोटो काढायचा. ट्यूबलाइटची चमक येऊ नये म्हणून एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मी पुसायला गेलो तर, ''सर, दोन सेकंद.'' मराठी, भूगोल, गणित, सगळे फळे. बाकीच्यांच्या वह्यांचेही फोटो घ्यायचा. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षावरचे व्हिडिओ तो लोकलमध्ये उभ्या उभ्या बघायचा. मला आवडायचं ते. एवढ्या हालात पोरगा काही सोडत नाही, असं मी स्टाफरूममध्ये चारदा तरी बोलून दाखवलं असेल.

सहामाहीत त्याला बीजगणितात चाळीसपैकी नऊ पडले.

पेपर हातात घेऊन तो बराच वेळ उभा होता. वाईट वाटल्यापेक्षा गोंधळल्यासारखा. ''सर, हे सगळं आहे माझ्याकडे,'' म्हणाला. म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही.

दिवाळीला तो गावी जाऊन आला आणि तिसऱ्याच दिवशी वर्ग सुटल्यावर फोटो काढता काढता अडला. फोनने सांगितलं होतं, जागा संपली. माझ्याकडे आला, स्क्रीन पुढे केली. शिमग्यातल्या पालखीचे व्हिडिओ, बहिणीच्या लग्नाचे फोटो, दुकानातल्या मालाच्या लेबलांचे फोटो आणि एका वेगळ्या फोल्डरमध्ये 1,137 फोटो नुसत्या फळ्यांचे आणि वह्यांचे. त्याने व्यवस्थित विषयवार नावं दिली होती. फोन आपण होऊन जुन्या फोटोंची चित्रफीत करतो ना, तशी एक त्याने दाखवली: 'जुन्या आठवणी.' मागे सतारीसारखं काहीतरी वाजतंय आणि माझ्या अक्षरातली वर्गसमीकरणं हळूहळू मोठी होत पुढे येतायत.

''सर, ह्यातलं काय उडवू? पालखी नाही उडवणार.''

मला घरी जायची घाई होती. पिशवी खांद्याला अडकवत मी म्हटलं, ''सोपं आहे. जे येतं ते उडव. येतं त्याचा फोटो कशाला हवा?''

शप्पथ सांगतो, हे मी विचार करून बोललो नव्हतो. बोलायचं म्हणून बोललो. मास्तर लोकांची बरीच चांगली वाक्यं अशीच पडलेली असतात.

तो मागच्या बाकावर जाऊन बसला. मी निघून गेलो. दुसऱ्या दिवशी शिपाई म्हणाला, तुमचा तो पोरगा दहापर्यंत फोन बघत बसला होता, दिवे घालवले तेव्हा उठला.

''किती उडवले?'' मी प्रथमेशला विचारलं.

''चार,'' तो म्हणाला. मग जरा थांबून, ''त्यातले दोन हललेले होते.''

मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, ''सर, फोटो उघडला की सगळं येतं. ओळखीचं वाटतं. मग मी बोटाने झाकतो आणि पुढची ओळ काय ते आठवतो. तर काहीच नाही. कोरं.''

आता रेश्माताईंचं सांगायला हवं. सत्तावीस वर्षांच्या, आठवीनंतर लग्न झालेल्या, काळाचौकीला राहणाऱ्या. सकाळी तीन घरी पोळ्या, दुपारी स्वतःचं घर, संध्याकाळी शाळा. त्यांच्याबद्दल माझं एक मत झालं होतं आणि ते चांगलं नव्हतं. वर्ग सुटला रे सुटला की त्या डब्यातून फोन घेऊन जिन्यात जाऊन उभ्या राहायच्या आणि पंधरा-पंधरा मिनिटं बोलत बसायच्या. एकदा मी जाता जाता टोमणा मारला, ''ताई, घरी जाईपर्यंत तरी दम धरा.''

त्यांनी फोन कानापासून बाजूला घेतला. ''घरी नाही बोलता येत, सर. खोली एक आणि माणसं सहा.''

''पण कोणाशी बोलता रोज?''

''माझ्याशीच,'' त्या म्हणाल्या, आणि लाजल्या.

सासूबाईंचा जुना फोन त्यांच्या वाट्याला आलेला. काच अशी तडकलेली की मधल्या अक्षरांच्या दोन ओळी कायमच्या गेलेल्या. त्यावर फोटो काढून काय वाचणार? म्हणून वर्गात जे झालं ते त्या जिन्यात उभं राहून स्वतःच्याच नंबरावर व्हॉइस मेसेज करून ठेवायच्या. माझे शब्द आठवायचे नाहीत, म्हणून आपल्या शब्दांत. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना ऐकायच्या. फोन दुधाच्या रिकाम्या पिशवीत घातलेला, म्हणजे कणकेचा हात लागला तरी बिघडत नाही. कुठे अडलं तर कोपराने थांबवायच्या. ''स्वतःचं ऐकताना फार राग येतो सर,'' त्या म्हणाल्या. ''मधेच मी 'म्हणून' म्हणते आणि पुढे काही बोलतच नाही. नुसता जिन्यातला आवाज. तिथं मला आलेलं नसतं.''

मी त्या रात्री काहीच बोललो नाही. दुसऱ्या दिवशी डबा मात्र ठेवला टेबलावर, नेहमीसारखा. माणसाची सवय अशी एका जिन्यात मोडत नसते.

रेश्माताईंच्या सासूबाई आजारी पडल्या आणि ताईंचे दहा-बारा दिवस बुडाले. अंकगणिती श्रेढी सगळी गेली. परत आल्यावर प्रथमेश त्यांना म्हणाला, ''ताई, सगळे फोटो आहेत माझ्याकडे, टाकतो.''

''फोटो नको रे. माझ्या फोनमध्ये दिसत नाहीत. तू बोलून पाठव.''

''मी?''

''मग कोण? मला कळलं की तुझा फोटो उडव. सरांनी सांगितलंय ना तुला?''

म्हणजे माझं ते वाक्य वर्गभर झालं होतं.

पहिल्या मेसेजचा किस्सा प्रथमेशनेच मला सांगितला. रात्री अकराला चाळीच्या गॅलरीत बसून त्याने पहिल्या n पदांच्या बेरजेचं सूत्र बोलून पाठवलं. फोटो समोर ठेवून, बघून. वीस सेकंदांचा मेसेज. सकाळी सहाला उत्तर आलं, मागे कुकरच्या शिट्ट्या: ''सूत्र पाठ केलंस, छान. पण ते दोनाने भागायचं कुठून आलं?''

त्याला माहीत नव्हतं. फोटोत होतं ते सगळं, मी फळ्यावर सगळं मांडलं होतं. पण त्या फोटोकडे त्याने या आधी कधी प्रश्न घेऊन पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी त्याने तो मेसेज पुन्हा करायचा प्रयत्न केला. करायचा, ऐकायचा, पुसायचा. अकरा वेळा. लोकलमध्ये, दुकानाच्या पायरीवर, गोडाउनमध्ये. ''सर, माणूस स्वतः ऐकतो ना, तेव्हा लगेच कळतं हा थापा मारतोय म्हणून.''

आणि मग गोडाउनमध्येच त्याला ते दिसलं. तिथे वायरिंगच्या पाइपांची थप्पी असते. खाली दहा, त्याच्या वर नऊ, मग आठ, असं करत टोकाला एक. तो बाराव्या मेसेजमध्ये म्हणाला, आणि हा मेसेज रेश्माताईंनी मला ऐकवला म्हणून शब्दशः सांगता येतो: ''ताई, अशीच दुसरी थप्पी घे आणि उलटी करून पहिलीच्या बाजूला ठेव. दहाच्या बाजूला एक येतो, नऊच्या बाजूला दोन. प्रत्येक ओळीत अकरा. ओळी दहा. झाले एकशे दहा. पण आपल्याला एकच थप्पी पाहिजे होती. म्हणून दोनाने भागायचं.'' त्यात 'म्हणून' नंतर क्षणभरही थांबलेला नाही तो.

तीस वर्षं मी हे शिकवतोय. फळ्यावर दोन ओळी लिहायच्या, एक सुलटी, एक उलटी, आणि बेरीज करायची. पाइप माझ्या डोक्यात कधी आले नाहीत.

त्या रात्री एक फोटो गेला. मग रोज एक-दोन. पद्धत ठरून गेली: प्रथमेशने बोलायचं, ताईंनी पोळ्या लाटताना ऐकायचं आणि प्रश्न विचारायचा, समाधान झालं की ''उडव'' एवढंच लिहायचं. त्यांचं समाधान लवकर व्हायचं नाही. वर्गातल्या आणखी तिघांना याचा सुगावा लागला आणि त्यांचाही एक गट झाला. मी त्यात नव्हतो. मला घ्या असं मीही म्हटलं नाही. मास्तर आला की पोरं बरोबर बोलायला लागतात, आणि यांचं सगळं चुकण्यावर चाललं होतं.

एक गंमत सांगायची राहिली. फोनमधला उडवलेला फोटो लगेच मरत नाही. कचरापेटीत महिनाभर पडून असतो, पस्तावलं तर परत काढता येतो. प्रथमेशने याचाही उपयोग केला. आठवड्यातून एकदा तो कचरापेटी उघडायचा आणि उडवलेलं पुन्हा सांगून बघायचा, या वेळी मनातल्या मनात, करी रोडच्या पुलावर. अडला तर फोटो परत वर. वर्तुळाची प्रमेयं अशी तीनदा वर-खाली झाली. ''एक तर सर मढं उकरून काढल्यासारखं वाटतं,'' म्हणाला, ''पण उकरून काढलेलं मग पक्कं बसतं.''

आकडा कमी होत होता. नाताळपर्यंत नऊशेच्या खाली. बरेच फोटो एकाच फळ्याचे डावे-उजवे होते, हे त्यानेच कबूल केलं. ते जोडीजोडीने जायचे. पालखीच्या व्हिडिओंना धक्का लागला नाही.

जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली. बीजगणितात त्याला चोवीस पडले. रेश्माताईंना एकतीस. मी खूश होतो. पेपर वाटून झाल्यावर मी फळ्याकडे वळलो, तर प्रथमेश उभा.

''सर, एक फोटो उडत नाही.''

''कुठला?''

''ऑगस्टमधला. जीएसटीचा.''

अर्थनियोजनाचा धडा. दहावीच्या बीजगणितात आता जीएसटी आहे, आणि मला तो धडा आवडतो, कारण पोरांना दुकानातलं बिल वाचता येतं. प्रथमेशचा फोन डब्यात होता. मी म्हटलं, घे. त्याने गुलाबाचं झाकण उघडून फोन काढला आणि फोटो माझ्यासमोर धरला.

माझंच अक्षर. वर तारीख. उदाहरण साधं: 18 टक्के जीएसटी धरून मालाची किंमत 5,900 रुपये, तर कराआधीची किंमत किती? आणि खाली मी लिहिलं होतं, 5,900 चे 18 टक्के म्हणजे 1,062. वजा केल्यावर उत्तर 4,838. खाली दोन रेघा मारून चौकट.

त्या दिवशीचं मला काहीच आठवत नाही. पाऊस असेल, गाड्या उशिरा असतील, डोकं दुखत असेल. कारणं पुष्कळ सापडतात.

''मी हे ताईंना चार वेळा सांगितलं,'' प्रथमेश म्हणाला. ''दर वेळी त्या म्हणाल्या, कळलं नाही. मला राग आला. सरांनी लिहिलंय म्हटलं. मग काल दुकानात वायरच्या कॉइलांचं बिल झालं. शेठने मलाच टाइप करायला बसवलं.'' त्याने दुसरा फोटो पुढे सरकवला. त्याच्या फोनमधला बिलाचा फोटो, कार्बनसारखा फिकट. माल 5,000. सीजीएसटी 9 टक्के, 450. एसजीएसटी 9 टक्के, 450. एकूण 5,900.

''कर 5,000 वर लागतो सर. 5,900 वर नाही. म्हणजे 5,900 हे शंभराचे नाहीत, एकशे अठराचे आहेत. एकशे अठराने भागून शंभराने गुणायचं. तुम्ही ज्यात कर आधीच मिसळलाय त्याच्यावर परत टक्के काढले.''

वर्ग शांत होता. त्याने हे सगळं माझ्याकडे बघून सांगितलं. फोटोकडे बघून नव्हे.

आणि मग मला जे आठवलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पूर्वपरीक्षेत याच धाटणीचं उदाहरण होतं. तपासताना मी स्वतः बरोबर सोडवलं होतं, आणि सहा जणांनी टक्के थेट वजा केले म्हणून त्यांचे दोन-दोन मार्क लाल पेनाने कापले होते. समासात लिहिलंही होतं, 'मूळ संकल्पना स्पष्ट नाही.' त्या सहा जणांनी माझा फळा इमानाने वहीत उतरवून घेतला होता. त्यांत रेश्माताई नव्हत्या. चार वेळा सांगूनही त्यांना ते कळलं नव्हतं म्हणून त्यांनी ते उदाहरण सोडूनच दिलं होतं.

मी सहाही जणांचे पेपर परत मागवले. तिथेच, सगळ्यांसमोर, दोन-दोन मार्क वाढवले आणि समासातली ती ओळ खोडली. एकाने विचारलं, ''सर, पण उत्तर तर चुकलंय.'' मी म्हटलं, ''तुझं नाही चुकलं, माझं चुकलंय.'' पुढे काय बोलायचं ते सुचेना. जिन्यात उभ्या असलेल्या रेश्माताईंसारखं माझंही 'म्हणून' नंतर अडलं.

मग खडू प्रथमेशला दिला आणि मी त्याच्या बाकावर जाऊन बसलो. त्याचं फळ्यावरचं अक्षर वाईट आहे, ओळी उताराला लागल्यासारख्या खाली जातात. पण 118 आणि 100 त्याने एकाखाली एक मोठे लिहिले आणि पहिल्या बाकावरच्या पोराला विचारलं, ''आता सांग, 5,900 कोणाचे?'' मागून दोघा-तिघांनी सवयीने मान वळवून डब्याकडे पाहिलं, फोन काढायला. झाकण उघडंच होतं. कोणी उठलं नाही. रेश्माताईंनी विचारलं होतं की एकशे अठराच का, एकशे नऊ का नाही, आणि प्रथमेश सीजीएसटी-एसजीएसटीची दोन बोटं वर करून समजावत होता.

साडेनऊ झाले. दिवे घालवायला शिपाई दारात आला. फळा पुसायला मी उठलो तेव्हा प्रथमेश फोन घेऊन शेजारी उभा होता. तो ऑगस्टचा फोटो अजून स्क्रीनवर.

''चला, ह्याचं काम झालं,'' मी म्हटलं. ''उडव आता माझी चूक.''

''आत्ता नको सर,'' तो म्हणाला आणि फोन खिशात घातला. ''ताईंना अजून पटलेलं नाही.''